पारकर मॅडमनी न केलेली सही

पारकर मॅडमच्या शोकसभेची सगळी तयारी मी केली होती. सभागृह, फोटो, हार, पाण्याच्या बाटल्या, बोलणाऱ्यांचा क्रम. क्रमात शेवटचं नाव संशोधन निधी देणाऱ्या कार्यालयाच्या सहसंचालकांचं होतं. ते प्राचार्यांनी घालायला लावलं. तो माणूस उठला, फोटोला हात जोडले आणि म्हणाला, "विज्ञान संशोधनाच्या निधीत सर्वसमावेशकता आणण्यात डॉ. रशिदा पारकर यांचा वाटा फार मोठा आहे. मॅडमच्या एका सहीने किती तरी तरुण संशोधकांना वाट मिळाली."

लोकांनी माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत कडेला बसले होते, हातात कार्यक्रमपत्रिका. मॅडमनी ती सही केलीच नव्हती. ती करून घ्यायला याच माणसाने आमच्या कॉलेजात खेटे घातले होते आणि दर वेळी तसाच परत गेला होता. शोकसभेत कोणी कोणाला खोडत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेलेलं माणूस उठून "नाही, मी सही केली नव्हती" म्हणत नाही, हेही.

म्हणून लिहितेय. चरित्र लिहिणार नाही. मॅडमचं सेवापुस्तक माझ्या कपाटात होतं, त्यात जन्मतारखेपासून रजेपर्यंत सगळं आहे आणि त्यातून मॅडम कुठेच दिसत नाहीत.

मी पनवेलच्या या कॉलेजची कार्यालय अधीक्षक. वेळापत्रक मी करते. मात्र प्राणिशास्त्राच्या पारकर मॅडमचे तास मी ठरवत नव्हते, खाडी ठरवायची. खाडीच्या चिखलातल्या शिवल्या, म्हणजे आपण कालवणात खातो ते शिंपले, हा त्यांचा विषय. शिवल्या फक्त ओहोटीला हाती लागतात. आणि ओहोटीची वेळ रोज सरकते. कॉलेजची सरकत नाही.

"सुपरिटेंडेंट साहिबा," दारातूनच आवाज यायचा, "गुरुवारचा पहिला तास शनिवारी टाका. गुरुवारी सकाळी पाणी उतरतंय."

"मॅडम, वेळापत्रक लागलंय फलकावर."

"मग चंद्राला एक पत्र काढा. प्राचार्यांच्या सहीने."

पहिल्या वर्षी मी चिडायचे. दुसऱ्या वर्षापासून वेळापत्रक करायला बसताना भरती-ओहोटीचा तक्ता शेजारी घेऊन बसायला लागले. तोंडावर कधी कबूल केलं नाही, पण त्यामुळे वेळापत्रक नीट व्हायला लागलं.

बुटक्या, रुंद बांध्याच्या बाई. सुती सलवार-कमीज, ओढणी कमरेला गाठ मारून, पायात गुडघ्यापर्यंतचे काळे रबरी बूट. खाडीवरून आल्या की ते बूट कँटीनच्या मागच्या नळाखाली धुवायच्या आणि कँटीनवाला माझ्याकडे तक्रार घेऊन यायचा. नमुने स्टाफरूमच्या फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरण्यांत. एकदा भौतिकशास्त्राच्या सरांनी जेवताना खरोखरच एका बरणीचं झाकण फिरवलं. मॅडम पलीकडून शांतपणे म्हणाल्या, "सर, तो माझा डेटा आहे. जेवायचंच असेल तर घरी या, अम्मी सांदण करते."

खाडीत येणारे जड धातू शिवल्यांच्या अंगात किती साठतात आणि त्या खाणाऱ्या माणसांच्या ताटात किती जातात, एवढं एकच त्यांना शोधायचं होतं. पनवेलपासून उरणपर्यंत खाडीकाठच्या घरांत शिवल्या शिजतात. पारकरांच्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या. "मी जे खाऊन वाढले त्याचा हिशेब मला नको का?" त्या म्हणायच्या. नमुने होते, वर्षानुवर्षांचे. धातू मोजायचं यंत्र नव्हतं. त्यासाठी निधी हवा होता. त्यासाठी त्या अर्ज करायच्या आणि तो अर्ज तीन प्रतींत, अनुक्रमणिकेसकट, मी लावून द्यायचे.

मुलाखतीहून आल्या की थेट माझ्या टेबलासमोर बसायच्या आणि सगळं करून दाखवायच्या. दोन्ही बाजूंचे आवाज काढून.

"'मॅडम, तुमच्या कॉलेजात हे यंत्र आहे का?' मी म्हटलं, नाही, त्यासाठीच मागतेय. 'यंत्रच नाही तर मग काम कसं करणार?' म्हटलं, यंत्र घेऊन. 'पण यंत्रावर काम केल्याचा अनुभव?' म्हटलं, यंत्र नाही ना. 'तेच तर आम्ही म्हणतोय मॅडम!' तौबा! इतके खूश झाले, जणू मीच त्यांचा मुद्दा सिद्ध केला."

दुसऱ्या एका वेळी कोणीतरी काळजीने विचारलं, चिखलात एकट्या जाता, घरचे परवानगी देतात का? मॅडम म्हणाल्या, "घरी आई आहे, ऐंशीची. तिला विचारलं तर परवानगी नाही देणार, तीच बूट घालून निघेल." आणि उठताना त्याच गृहस्थांनी कौतुक केलं, "तुमचं मराठी फार छान आहे हो."

"तुमचंही छान आहे," मॅडम म्हणाल्या.

हा किस्सा त्या हसत सांगायच्या. मला हसू यायचं नाही. मोहल्ल्यात जन्मलेल्या, नगरपालिकेच्या शाळेत शिकलेल्या, आमच्या कॉलेजात आयुष्य घालवलेल्या बाईला हे वाक्य पन्नाशी उलटल्यावरही ऐकावं लागतं आणि तेही जिथे शिवल्यांबद्दल बोलायचं तिथे. मॅडमचा राग वेगळ्या तऱ्हेचा होता. चिडल्या की त्यांच्या बोलण्यातले उर्दू शब्द एकेक करून गळायचे आणि मराठी शुद्ध होत जायचं. 'तौबा' चालू आहे तोवर ठीक. 'कृपया' आलं की आमचा शिपाईसुद्धा बाहेर जाऊन उभा राहायचा.

त्या निवृत्तीच्या जवळ आल्या तेव्हा निधी देणाऱ्या त्या कार्यालयातून फोन आला. माझ्याकडेच. नवीन नियम आला होता: निवड समितीत एक महिला प्रतिनिधी हवी, एक अल्पसंख्याक प्रतिनिधी, एक लहान शहरातल्या महाविद्यालयाचा प्रतिनिधी. तीन जागा.

"तुमच्याकडे एक मॅडम आहेत म्हणे," पलीकडचा माणूस म्हणाला. हाच तो सहसंचालक. "त्या तिन्हीत बसतात. म्हणजे आमचं एकाच पत्रात काम होईल."

मी इतकी वर्षं फोनवर असंख्य लोकांशी बोलले आहे. खुर्च्यांची ऑर्डर देणारा माणूसही यापेक्षा अदबीने बोलतो. एका बाईत तीन नियम भागवायचे म्हणजे उरलेल्या दोन खुर्च्या पुन्हा आपल्याच माणसांना मोकळ्या.

मॅडमना सांगितलं तेव्हा मी हेही सांगितलं की समितीत बसलात तर या फेरीत तुम्हाला अर्ज करता येणार नाही. तो नियम योग्यच आहे. पण पुढच्या फेरीपर्यंत तुमची नोकरी इतकी थोडी उरेल की तुमचा अर्ज दाखलच करून घेणार नाहीत. म्हणजे ही शेवटची संधी आणि ती तुम्ही स्वतःच्या हाताने सोडताय.

 मॅडम म्हणाल्या, "इतकी वर्षं मी बाहेर बसून विचारतेय, का नाही. एकदा आत बसून बघते, कसं नाही."

"आणि शिवल्या?"

"वैशाली करतेय ना अर्ज. खाडीला काय, नाव कोणाचं का असेना. आपल्याकडचं असलं म्हणजे झालं."

वैशाली म्हात्रे ही पारकर मॅडमची विद्यार्थिनी नव्हे. चिखलात भेटलेली. उरणकडच्या एका छोट्या कॉलेजात शिकवते, आगरी घरातली, घराच्या मागच्या दारी खाडी. दोघी एकाच ओहोटीला दोन बाजूंनी येऊन एकमेकींना धडकल्या होत्या. तिचाही विषय तोच, तिच्या काठापुरता. समितीत जायचं ठरल्यावर मॅडमनी तिला फोन करून बजावलं, "तुझ्या अर्जाला मी हात लावणार नाही. मला विचारूही नकोस. मी आता तिकडच्या बाजूला बसणार आहे." मुलगी रुसली. मॅडमनी रुसू दिलं.

समितीची बैठक मुंबईत झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम आल्या, समोर बसल्या. आवाज काढले नाहीत. सपाट बोलल्या. 'तौबा' एकदाही नाही. तेव्हाच मला कळलं.

अर्जांचे दोन गठ्ठे आधीच लावून ठेवलेले होते. सकाळचा आणि दुपारचा. सकाळच्या गठ्ठ्यात मोठ्या संस्था. जेवणानंतरच्या गठ्ठ्यात आमच्यासारखी कॉलेजं. ही तिथली जुनी रीत. कोणी ठरवली माहीत नाही, कोणी विचारतही नाही. मॅडमनी विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, लहान कॉलेजच्या लोकांना लांबून यायचं असतं. त्यांच्या सोयीसाठीच दुपार ठेवलीय."

"मग त्यांना सकाळी साडेनऊला हजर राहा असं पत्र का गेलं?"

"ती नोंदणीची वेळ."

म्हणजे लांबून आलेली माणसं, त्यांच्या सोयीसाठी, सकाळपासून व्हरांड्यात. त्यांत वैशालीही. आणि आत सकाळचा गठ्ठा मंजूर होत गेला. त्यात एका नामांकित संस्थेचा प्रकल्प होता, आमच्याच खाडीवर, जड धातूंवर. तो मांडणारा अध्यक्षांचा जुना विद्यार्थी. अशा वेळी उठून बाहेर जायचं असतं, अध्यक्ष खुर्चीतच बसून राहिले. जेवणाच्या सुट्टीला सचिवांनी आकडेमोड केली आणि सांगितलं, निधी बहुतेक वाटून झाला आहे. दोन सदस्यांची विमानं होती, ते जेवून निघाले.

"मग दुपारी काय वाटायचं?" मॅडमनी विचारलं.

"प्रोत्साहन," अध्यक्ष म्हणाले. ते विनोद करत नव्हते.

दुपारी वैशाली आत आली. तिने मांडलं, चांगलं मांडलं. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं: याच खाडीवरचा प्रकल्प सकाळी मंजूर झाला आहे, त्या लोकांनी लिहिलंच आहे की नमुने गोळा करायला स्थानिक कॉलेजांची मदत घेऊ, तर तुम्ही त्यांना मदत करा, शिकायला मिळेल.

वैशालीने विचारलं, "सर, मग त्यात माझं नाव कुठं येईल?"

"आभारात येईल ना."

इथे मॅडम थांबल्या. मी चहा मागवला, तो तसाच गार झाला.

बैठक संपल्यावर निवडयादी आणि इतिवृत्त सहीसाठी फिरलं. खाली तीन रेघा होत्या. महिला प्रतिनिधी. अल्पसंख्याक प्रतिनिधी. लहान शहरातील महाविद्यालय प्रतिनिधी. तिन्हींपुढे छापलेलं एकच नाव. बाकीच्यांच्या नावापुढे ते कशाचे प्रतिनिधी आहेत ते लिहिलेलं नव्हतं. ते नुसते शास्त्रज्ञ होते.

"तिन्ही ठिकाणी करून टाका मॅडम," सचिव म्हणाले. "तेवढंच राहिलंय."

मॅडमनी पेनला टोपण लावलं.

मागणी एका वाक्याची होती. इतिवृत्तात लिहा: 'लहान महाविद्यालयांचे अर्ज निधीचे वाटप झाल्यानंतर ऐकण्यात आले.' एवढं लिहा, तिन्ही सह्या करते.

"हे खरं नाही का?" त्यांनी विचारलं.

अध्यक्ष म्हणाले, "खरं आहे हो. पण इतिवृत्तात लिहिण्यासारखं नाही."

मग खेटे सुरू झाले. नवीन नियमाप्रमाणे त्या तीन सह्यांशिवाय यादी जाहीर करता येत नव्हती. ज्या बाईला जागा भरायला नेलं, तिच्यापाशी सगळं अडलं. ही गंमत त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. सहसंचालक आधी फोनवर आले, मग स्वतः आले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक, टिपण घ्यायला मी.

"मॅडम, सही म्हणजे काय, हजेरी असते," प्राचार्य म्हणाले.

"हजेरीवर केली आहे, सर."

"आपल्या कॉलेजचेही प्रस्ताव जातात हो तिकडे."

"जातात. दुपारी जातात."

सहसंचालक पुढे सरकले. आवाजात मध. "मॅडम, तुमच्यासारख्या व्यक्तीला आम्ही एवढ्या मोठ्या समितीत संधी दिली. तुमच्या समाजातल्या किती मुलींना त्यातून प्रेरणा..."

मॅडम ताठ झाल्या. मी वहीवरचा हात थांबवला.

"कृपया 'तुमच्यासारख्या' या शब्दाचा अर्थ स्पष्ट करावा."

"म्हणजे... अनुभवी."

"अनुभवी म्हणून बोलावलं असतं तर सहीच्या रेघेवर तसं लिहिलं असतं. आपण तिथे काय लिहिलं आहे ते आपल्याला ज्ञात आहे. मला फक्त एक वाक्य हवं आहे. ते असत्य असल्यास तसं सांगावं, मी आत्ता सही करते."

ते असत्य आहे असं त्यांना म्हणता येईना. ते खरं आहे असं लिहिता येईना. 

जाताना तो माणूस माझ्या टेबलापाशी थांबला. हळूच म्हणाला, "मॅडम, तुम्ही समजवा ना जरा त्यांना. बायकांचं बायका ऐकतात." मी म्हटलं, "आज माझ्याकडे विद्यापीठाचं पत्र आहे, परीक्षेची बैठकव्यवस्था आहे आणि पाण्याच्या टाकीची दुरुस्ती आहे. हे काम यादीत नाही."

स्टाफरूममध्ये लोक बोलायला लागले. प्रयोगशाळेच्या रंगकामाची फाइल कुठेतरी अडकली आणि ती मॅडममुळे अडकली असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. "एवढा ताठा कशाला? सही केली तर कोणाचं काय जातं?" असं माझ्यासमोर म्हणणाऱ्यांत, ज्यांचे स्वतःचे अर्ज दुपारच्या गठ्ठ्यात पडून मेले, तीच माणसं होती. त्यांच्यावर मला सर्वांत जास्त राग आला. अध्यक्षांचा राग येण्यासारखा आहेच. पण आपल्याला व्हरांड्यात बसवणाऱ्याची बाजू घेऊन, आपल्यासाठी उभ्या राहिलेल्या बाईलाच खाली बस म्हणायचं, याला काय म्हणावं?

मॅडमनी ओहोटीप्रमाणे तास घेतले, बरण्या भरल्या.

मग एके दिवशी यादी जाहीर झाली. सह्यांसकट. मी ती छापून घेऊन मॅडमकडे गेले. तीन रेघांवर तीन वेगवेगळी नावं होती. एक महिला, एक अल्पसंख्याक गृहस्थ, एक लहान शहरातले प्राध्यापक. मॅडमची नेमणूक 'प्रशासकीय कारणास्तव' रद्द करून त्या जागी तिघांना घेतलं होतं आणि कागद घरोघर फिरवून सह्या आणल्या होत्या. तिघांपैकी एकही त्या दिवशी त्या खोलीत नव्हतं. एकानेही एकही अर्ज ऐकलेला नव्हता. त्या वर्षीच्या अहवालात समितीतलं प्रतिनिधित्व वाढल्याबद्दल समाधान व्यक्त केलेलं होतं.

मॅडमनी कागद वाचला. "बघा साहिबा, मी नाही म्हटलं तर तीन माणसांची सोय झाली," असं म्हणून हसल्या. हसू लवकर संपलं. उठल्या, फ्रिज उघडला आणि बरण्या बाहेर काढायला लागल्या. वैशालीला फोन लावला: "टेंपो घेऊन ये. फ्रिज रिकामा करायचाय. त्या सकाळवाल्यांचा माणूस नमुने मागायला येईल, त्याआधी ये."

वैशाली आली. बरण्या पाहून तिला रडू आलं. "मॅडम, ह्ये तुमचं आख्खं काम हाय. मी कसं नेऊ?"

"डोक्यावर नेऊ नकोस, टेंपोत ने. आणि लेबलं पुसू नकोस."

निवृत्तीचा समारंभ मॅडमनी करू दिला नाही. मी शाल-श्रीफळाची ऑर्डर दिली होती, ती रद्द करायला लावली. पेन्शनची कागदपत्रं घेऊन मीच त्यांच्या खांदा कॉलनीतल्या घरी गेले. अम्मी तोवर गेल्या होत्या. घरात पुस्तकं, दोन खुर्च्या आणि दर रविवारी येणारी माणसं. कर्जत, पेण, अलिबाग, उरण अशा छोट्या कॉलेजांतली मास्तर मंडळी, बहुतेक तरुण, निम्म्याहून जास्त बायका. मॅडम त्यांचे अर्ज वाचायच्या आणि फाडून काढायच्या. आता त्या कोणत्याच समितीत नव्हत्या, त्यामुळे कोणाच्याही अर्जाला हात लावायला मोकळ्या होत्या. गोड बोलणं नाही. "हे वाक्य कोणाला खूश करायला लिहिलंस? खोड." "इथे 'नम्र विनंती' कशाला? तू भीक मागतोयस की काम?" एका प्राध्यापिकेने बिचकत विचारलं, मॅडम, मी बाळंतपणानंतर दोन वर्षं घरी होते, ते लपवू का? मॅडम म्हणाल्या, "मोठ्या अक्षरात लिही. विचारू दे त्यांना. त्यांच्या घरी मुलं आकाशातून पडली असतील."

पुढच्या फेरीची पत्रं आली. सगळ्यांची सारखी: सकाळी साडेनऊला हजर राहावे, मुलाखत दुपारच्या सत्रात. अध्यक्ष तेच.

त्या फेरीत काय झालं ते आधीच सांगते, कोणी आशेने वाचू नये. वैशालीचा प्रकल्प मंजूर झाला, पण यंत्राचा खर्च कापून. यंत्र तिने दुसऱ्या संस्थेत जाऊन, त्यांच्या सवडीने वापरावं असा शेरा मारला. ती वापरते, रात्रीची पाळी मिळते. छोट्या कॉलेजांपैकी आणखी एकाला थोडं काही मिळालं, बाकीच्यांना प्रोत्साहन. आणि त्याच्या पुढच्या वर्षी गठ्ठे पुन्हा जुन्या क्रमाने लागले, कारण तेव्हा दारात उभं राहायला मॅडम नव्हत्या. हृदयविकाराने गेल्या. सहसंचालक शोकसभेत बोलला ते या सगळ्यानंतर, हे सगळं माहीत असून.

पण तो एक दिवस मी पाहिला.

मॅडमचा मला फोन आला, "एक मोठी गाडी हवी. पहाटेची. सगळ्यांना एकत्र न्यायचंय." मी नैमित्तिक रजा टाकली, गाडी ठरवली, कोणाला कुठे घ्यायचं ते ड्रायव्हरला लिहून दिलं. मुंबईत त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात आम्ही सगळे वेळेआधी उभे. शिपाई म्हणाला, "तुमचं दुपारी. बाकड्यावर बसून घ्या."

कोणी बसलं नाही. मॅडम समितीच्या खोलीच्या दारासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे बाकीचे, फाइली छातीशी धरून. लॅपटॉपची बॅग लावलेला एक गृहस्थ आला, घड्याळात बघत. त्याचा पहिला नंबर होता.

"जरा जाऊ देता का? माझं प्रेझेंटेशन आहे."

"बसा ना सर," मॅडम म्हणाल्या. "आज दुपार तुमची. दुपार फार सोयीची असते."

आवाज ऐकून दार उघडलं. अध्यक्ष. त्यांनी आधी गर्दी पाहिली, मग मॅडमना.

"पारकर मॅडम? तुम्ही निवृत्त झालात ना? तुमचा आता या समितीशी काय संबंध?"

"काहीच नाही." मॅडमनी मागे हात घालून वैशालीला कोपराला धरून पुढे ओढलं. "हिचा आहे. हिला साडेनऊला बोलावलंत, ही आली आहे. ऐकायचं नसेल तर पत्रातली वेळ चुकीची होती असं आत्ता लिहून द्या. ही सगळी माणसं थांबतील."

अध्यक्ष मागे वळून आत पाहू लागले. आतून एका बाईचा आवाज आला. घरी बसून सही केलेल्या तिघांतली ती, हे मला नंतर कळलं. "घ्या ना सर आत. आल्याच आहेत तर घेऊन टाका."

ते दारातून बाजूला झाले. वैशालीने मॅडमचा हात धरला तो सोडेना. "मॅडम, तुमी पन चला ना. एकटी नाय जायाची मी."

"मला बोलावलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. बोटं एकेक करून सोडवली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तिला आत ढकललं. जरा जोरातच.

दार लागलं. व्हरांड्यात कोणीतरी काहीतरी विचारायला लागलं. आतून वैशालीचा आवाज सुरू झाला, घाबरलेला, पण मोठा. मॅडमनी ओठांवर बोट ठेवून आम्हाला सगळ्यांना गप्प केलं, त्या लॅपटॉपवाल्यालासुद्धा, आणि बंद दाराला कान लावून उभ्या राहिल्या.